प्रतिरोध प्रशिक्षण आणि सक्रिय तरुणांमधील क्षारांचे उत्सर्जन : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

प्रतिरोध प्रशिक्षणामुळे सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम व कॅल्शियम या क्षारांच्या उत्सर्जनात कोणते बदल होतात, ते का होतात आणि त्यांचे मोजमाप करताना कोणत्या चुका संभवतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनारा हा या विवेचनाचा संदर्भ आहे. व्यायामाच्या एका सत्राचा तात्पुरता परिणाम आणि अनेक आठवड्यांच्या प्रशिक्षणाचा दीर्घकालीन परिणाम यांची गल्लत होऊ नये. तसेच घाम आणि आहार यांचा हिशेब न मांडता केवळ मूत्रपरीक्षणावरून निष्कर्ष काढू नयेत, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : प्रतिरोध प्रशिक्षण, क्षार-उत्सर्जन, वृक्क, अल्डोस्टेरॉन, घाम, दमट हवामान, मालवण.

१. प्रस्तावना

प्रतिरोध प्रशिक्षण म्हटले की लोखंडी वजने आणि व्यायामशाळा डोळ्यांसमोर येतात. वास्तविक, स्नायूंना बाह्य भाराविरुद्ध वारंवार आकुंचन पावावयास लावणारा कोणताही पद्धतशीर व्यायाम या संज्ञेत बसतो. आपल्याकडील तालमीतील जोर-बैठका आणि मल्लखांब ही त्याचीच रूपे होत. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे हात पाहिले, म्हणजे श्रमातून घडणारा प्रतिरोध व्यायाम काय असतो हे वेगळे सांगावे लागत नाही. समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकलेले लांबलचक जाळे दोन्ही टोकांच्या दोरांनी वाळूत पाय रोवून ओढताना पाय, कंबर, पाठ आणि मनगटे यांवर सातत्याने भार येतो.

आज या किनाऱ्यावरील अनेक तरुण पोलीस व सैन्यभरतीची तयारी करतात. पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर व १०० मीटर धावण्याबरोबर गोळाफेकीचीही चाचणी द्यावी लागते. त्यामुळे पुळणीवरील धावण्याच्या जोडीला वजनांचा सराव आला. अशा तरुणांना पाणी किती प्यावे, मीठ खावे की टाळावे, शहाळे पुरेसे आहे काय, असे प्रश्न पडतात आणि ते शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांकडे येतात. हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान काही उमेदवारांना प्राण गमवावे लागले, हे आपणास स्मरत असेल. उष्मा, पाणी आणि क्षार यांचे गणित चुकले तर धडधाकट तरुणाच्या जिवावरही बेतू शकते.

व्यायामाची शास्त्रीय तपासणी महाराष्ट्राला नवीन नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायामांच्या शारीरिक परिणामांचे प्रयोगशाळेत परीक्षण सुरू केले. प्रस्तुत लेख हा स्वतंत्र प्रयोगाचा अहवाल नसून उपलब्ध शरीरक्रियाशास्त्रीय ज्ञानाचे विवेचन आहे.

२. शरीरातील क्षारांची वाटणी आणि वृक्काचे कार्य

पाण्यात विरघळल्यावर विद्युत्‌भारित कण देणारे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी क्षार म्हणजे इलेक्ट्रोलाइट. त्यांची शरीरातील वाटणी अत्यंत विषम आहे. सोडियम मुख्यतः पेशींबाहेरील द्रवात असते. रक्तद्रवातील त्याचे प्रमाण प्रतिलिटर १३५ ते १४५ मिलिमोल इतके राखले जाते. पोटॅशियमची स्थिती नेमकी उलट आहे. त्याचा सुमारे ९८ टक्के साठा पेशींच्या आत, आणि त्यातील मोठा वाटा स्नायूंमध्ये असतो. रक्तद्रवात ते प्रतिलिटर केवळ ३.५ ते ५ मिलिमोल असते. पेशीपटलावरील सोडियम-पोटॅशियम पंप ही विषमता टिकवून धरतो. डेन्मार्कचे येन्स स्कोउ यांनी १९५७ साली हा पंप प्रकाशात आणला आणि १९९७ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. स्नायूचे प्रत्येक आकुंचन या पंपावर अवलंबून असल्यामुळे व्यायाम आणि क्षार यांचा संबंध मुळातच घनिष्ठ आहे.

दोन्ही वृक्कांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, परंतु लघवीवाटे बाहेर पडतो तो जेमतेम दीड-दोन लिटर. गाळल्या गेलेल्या सोडियमपैकी ९९ टक्क्यांहून अधिक भाग पुन्हा शोषला जातो. उरलेल्या अंशाचे नियमन प्रामुख्याने अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक करते. ते सोडियम राखते आणि पोटॅशियम बाहेर टाकते.

या संप्रेरकाचा इतिहास आपल्या विषयाशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, उष्ण व दमट प्रदेशात सैनिक कसे टिकाव धरतील हा प्रश्न निर्माण झाला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. उष्म्याला सरावलेल्या माणसाच्या घामातील व लघवीतील सोडियम घटते, यावरून अधिवृक्क ग्रंथीचा सोडियम राखणारा स्राव त्यामागे असावा असे त्यांनी अनुमान केले. १९५३ साली सिम्प्सन व टेट यांच्या गटाने अल्डोस्टेरॉन वेगळे केले आणि १९५५ साली कॉन यांनी त्याच्या अतिस्रावाने होणाऱ्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. दमट उष्म्यात घाम गाळणारे शरीर हे या संशोधनाचे एक उगमस्थान होते.

३. एका सत्राचा परिणाम

३.१ सोडियम व पाणी : विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा वृक्कांकडे जातो. तीव्र व्यायामात अनुकंपी चेतासंस्था वृक्कांच्या धमन्या आकुंचित करते आणि हा पुरवठा विश्रांतीच्या तुलनेत एक चतुर्थांशापर्यंत खाली येऊ शकतो. रक्त काम करणाऱ्या स्नायूंकडे वळवले जाते. त्याच वेळी रेनिन, अँजिओटेन्सिन व अल्डोस्टेरॉन ही साखळी कार्यान्वित होते आणि पाणी राखणारे व्हॅसोप्रेसिन वाढते. परिणामी सत्रानंतरच्या काही तासांत लघवी कमी व गडद होते आणि तिच्यातील सोडियमची एकूण मात्रा घटते.

प्रतिरोध व्यायामाची दोन वैशिष्ट्ये येथे लक्षात घ्यावयास हवीत. पहिले असे की, वजन उचलताना श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब क्षणभर फार वाढतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल व सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्ही पायांनी भार ढकलताना धमनीतील सरासरी सर्वोच्च दाब ३२०/२५० मि.मी. इतका नोंदवला गेला. दुसरे असे की, रक्तद्रवातील पाणी स्नायूंत उतरून रक्तद्रवाचे आकारमान तात्पुरते घटते. व्यायामानंतर स्नायू 'फुगलेले' वाटतात त्यामागे हेच कारण आहे. विश्रांतीनंतर हे पाणी परत येते. म्हणून सत्र संपताक्षणी घेतलेल्या रक्तातील वाढलेले प्रमाण म्हणजे क्षारांचा वाढलेला साठा असे समजू नये.

३.२ पोटॅशियम : प्रत्येक आकुंचनाच्या वेळी स्नायूतून थोडे पोटॅशियम बाहेर पडते. अतितीव्र व्यायामात रक्तद्रवातील त्याचे प्रमाण प्रतिलिटर ६ मिलिमोलच्याही वर जाऊ शकते. विश्रांत रुग्णात असा आकडा दिसल्यास वैद्य त्वरित सावध होतील. परंतु निरोगी तरुणात व्यायाम थांबताच पंप ते परत आत ओढतात आणि काही मिनिटांतच पातळी पूर्ववत होते. हा बदल म्हणजे मुख्यतः पोटॅशियमचे स्थलांतर होय. लघवीतील पोटॅशियममध्ये त्यामानाने थोडाच बदल होतो.

३.३ मॅग्नेशियम, कॅल्शियम व आम्लता : कष्टाच्या व्यायामानंतर मॅग्नेशियमचे मूत्र व घाम यांवाटे होणारे उत्सर्जन वाढते, त्यामुळे त्याची गरज १० ते २० टक्क्यांनी वाढू शकते, असे आहारशास्त्रज्ञ मानतात. स्नायूंत निर्माण झालेल्या आम्लामुळे लघवीची आम्लता वाढते. तीव्र सत्रानंतर लघवीत थोडी प्रथिनेही दिसतात, पण ती साधारणतः एक-दोन दिवसांत नाहीशी होतात. म्हणून वैद्यकीय तपासणीच्या आदल्या दिवशी जड व्यायाम टाळण्यास विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

४. दीर्घकालीन प्रशिक्षणाचा परिणाम

आठवडे व महिने चालणाऱ्या प्रशिक्षणाने शरीर जुळवून घेते. स्नायूंतील सोडियम-पोटॅशियम पंपांची संख्या वाढते. त्यामुळे तेवढ्याच श्रमात पोटॅशियमची गळती कमी होते व थकवा उशिरा येतो. नवीन स्नायू तयार होताना नत्राबरोबर पोटॅशियम, मॅग्नेशियम व फॉस्फेटही शरीरात राखले जातात. त्यामुळे प्रशिक्षणानंतर लघवीतील पोटॅशियम घटावे, अशी अपेक्षा तर्कशुद्ध वाटते.

परंतु हे घटणे किती असेल याचा हिशेब करून पाहू. एक किलो स्नायूत स्थूलमानाने १०० मिलिमोल पोटॅशियम असते. एखाद्या तरुणाने १२ आठवड्यांत दोन किलो स्नायू कमावला असे मानले, तर ८४ दिवसांत सुमारे २०० मिलिमोल, म्हणजे दिवसाला अडीच मिलिमोलपेक्षाही कमी पोटॅशियम राखले गेले. सामान्य आहार घेणाऱ्या माणसाच्या २४ तासांच्या लघवीत पोटॅशियम साधारण ५० मिलिमोल वा अधिक असते. दोन केळी अधिक खाल्ली तरी यापेक्षा कितीतरी मोठा फरक पडतो. तात्पर्य, स्नायुवृद्धीमुळे होणारी पोटॅशियमची बचत खरी असली, तरी एका दिवसाच्या मूत्रपरीक्षणात ती दिसण्याची शक्यता अत्यल्प आहे.

कॅल्शियमच्या बाबतीत उलट बाजूने मिळणारा पुरावा बोलका आहे. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्यास, तसेच अंतराळातील वजनरहित अवस्थेत, हाडांतील कॅल्शियम लघवीवाटे जाऊ लागते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २००८ साली प्रतिरोध व्यायामाचे प्रगत यंत्र बसवण्यात आले आणि योग्य आहाराच्या जोडीने त्याचा उपयोग करणाऱ्यांमध्ये हाडांची घनता अधिक चांगली टिकली. भार हाडांना खनिजे धरून ठेवावयास लावतो. मात्र आहारातील मीठ ही बचत खाऊन टाकू शकते : लघवीतील सोडियम १०० मिलिमोलने वाढले की कॅल्शियमही साधारण एक मिलिमोलने वाढते.

५. मालवण किनारा : हवामान व आहार

मालवणात उन्हाळ्यातील तापमान विदर्भाइतके चढत नाही, परंतु हवा समुद्रसान्निध्यामुळे दमट असते. घाम त्वचेवरून उडून गेला तरच शरीर थंड होते. दमट हवेत तो उडत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि क्षार जातात पण थंडावा मिळत नाही. म्हणून ३३ अंश तापमानाचा मालवणी दिवस कोरड्या प्रदेशातील त्याहून तप्त दिवसाइतका कष्टदायक ठरू शकतो. पत्र्याच्या छपराखालील, वारा न खेळणाऱ्या व्यायामशाळेत ही स्थिती अधिक बिकट होते.

घामातील सोडियमचे प्रमाण व्यक्तीनुसार प्रतिलिटर साधारण २० ते ८० मिलिमोल असते. पोटॅशियम मात्र ४ ते ८ मिलिमोल इतकेच. सोडियमचे प्रमाण ४५ धरले, तर एक लिटर घामाबरोबर सुमारे अडीच ग्रॅमहून थोडे अधिक मीठ जाते. उष्म्याचा १० ते १४ दिवसांचा सराव झाल्यावर घाम लवकर व अधिक येतो, पण तो कमी खारट होतो. कॉन यांनी अभ्यासलेला बदल तो हाच. नोकरीनिमित्त थंड प्रदेशात राहून मे महिन्यात गावी आलेल्या तरुणाने पहिल्याच दिवशी पूर्ण व्यायाम करू नये, यामागील कारण येथे आहे.

किनाऱ्यावरील पारंपरिक आहारात या हिशेबाची उत्तरे बऱ्याच अंशी सापडतात. उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज म्हणजे पाणी, पिष्ट व सोडियम यांचा एकत्र पुरवठा. आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम व पाणी अधिक चांगले शोषले जातात. जलसंजीवनीचे तत्त्वही हेच. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत या तत्त्वाने असंख्य प्राण वाचवले. आमसुलाचे मीठ घातलेले सरबतही उपयुक्त आहे. शहाळ्याच्या पाण्याचे वैशिष्ट्य वेगळे आहे. त्यात पोटॅशियम १०० मिलिलिटरमध्ये साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम असते, तर सोडियम त्यामानाने कमी. घामातून मात्र सोडियम अधिक जाते. म्हणून शहाळे उत्तम पेय असले तरी भरपूर घामानंतर ते एकटे पुरेसे नाही. जेवणातील मिठाची त्याला जोड हवी.

याचा अर्थ मीठ मुक्तहस्ते खावे असा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची शिफारस केली आहे आणि भारतीयांचे सरासरी सेवन त्याहून बरेच अधिक आहे. सुके मासे, खारवलेले पदार्थ आणि लोणची यांची रेलचेल असलेल्या घरात तासाभराच्या व्यायामासाठी वेगळ्या मिठाची गरज सहसा नसते.

६. मोजमापातील अडचणी

महाविद्यालयीन पातळीवर या विषयाचा अभ्यास करताना सामान्यतः प्रायोगिक व नियंत्रित असे दोन गट, १२ आठवड्यांचे प्रशिक्षण, पूर्वचाचणी व उत्तरचाचणी आणि 'टी' मूल्य असा आराखडा स्वीकारला जातो. आराखडा योग्य आहे; परंतु पुढील बाबींकडे दुर्लक्ष झाल्यास निष्कर्ष फसवे ठरतात.

(अ) *आहार :* खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के भाग लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणजे लघवीतील सोडियम हे प्रथमतः ताटातील मिठाचे माप आहे, व्यायामाचे नव्हे. मोजमापाच्या दिवसांत तरी आहाराची नोंद अनिवार्य आहे.

(आ) *ऋतू :* डिसेंबरात पूर्वचाचणी व मार्चअखेर उत्तरचाचणी झाली, तर मधल्या काळात हवामान पालटलेले असते. दिवसाला १७० मिलिमोल सोडियम, म्हणजे सुमारे १० ग्रॅम मीठ घेणाऱ्या तरुणाचा घाम दीड लिटरने वाढला, तर वरील हिशेबाने ६७ मिलिमोल सोडियम घामातूनच जाईल आणि लघवीतील सोडियम ४० टक्क्यांपर्यंत घटलेले दिसेल. त्याचे श्रेय प्रशिक्षणाला देणे चुकीचे ठरेल. नियंत्रित गट सावलीत बसून असेल, तर केवळ गट असल्याने हा दोष दूर होत नाही. व्यायामापूर्वी व नंतर कोरड्या अंगाने वजन करणे हा घाम मोजण्याचा साधा मार्ग आहे. प्यालेले पाणी व झालेली लघवी यांचा हिशेब धरून एक किलो घट म्हणजे जवळजवळ एक लिटर घाम.

(इ) *एकाच दिवसाचा नमुना :* मॉस्को येथे २००९ ते २०११ या काळात मंगळप्रवासाचे सदृशीकरण करताना सहभागी पुरुषांना दीर्घकाळ ठरावीक मीठ देण्यात आले. तरीही त्यांचे सोडियम-उत्सर्जन रोज सारखे नव्हते. त्यात सुमारे आठवड्याच्या लयीने चढउतार होते. मिठातील तीन ग्रॅमचा फरकही एका दिवसाच्या लघवीवरून जेमतेम निम्म्या वेळाच ओळखता आला. म्हणून प्रत्येक टप्प्यावर शक्य तितके अधिक, किमान तीन दिवसांचे २४ तासांचे नमुने घेणे इष्ट.

(ई) *क्रिएटिनीनचे गुणोत्तर :* पूर्ण दिवसाची लघवी गोळा करणे गैरसोयीचे असल्याने एकाच नमुन्यातील सोडियम व क्रिएटिनीन यांचे गुणोत्तर काढण्याचा मोह होतो. परंतु क्रिएटिनीन स्नायूंच्या वस्तुमानाबरोबर वाढते. मांसाहार व क्रिएटिन पूरकानेही त्यात फरक पडतो. ज्या प्रशिक्षणाचा हेतूच स्नायू वाढवणे आहे, तेथे हा भाजक स्वतःच बदलतो.

(उ) *सत्रापासूनचे अंतर :* दीर्घकालीन परिणाम मोजावयाचा असेल तर शेवटच्या सत्रानंतर किमान ४८ तास जाऊ द्यावेत. अन्यथा मोजला जातो तो आदल्या दिवसाचा थकवा.

७. धोक्याच्या जागा

पहिला धोका निर्जलीकरणाचा, आणि दुसरा त्याच्या उलट टोकाचा, अति पाणी पिण्याचा. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी केली असता १३ टक्के धावपटूंत सोडियम गरजेपेक्षा कमी आढळले. शर्यतीत वजन वाढण्याइतके द्रव पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते. 'जितके पाणी तितके चांगले' हा उपदेश म्हणूनच अपुरा आहे.

तिसरा धोका अनभ्यस्त अतिश्रमाचा. प्रदीर्घ सुट्टीनंतर एकाच दिवशी शेकडो बैठका मारावयास लावल्यास स्नायुतंतू फुटून मायोग्लोबिन व पोटॅशियम रक्तात उतरू शकतात. चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी गडद लघवी, असह्य वेदना व सूज ही त्याची लक्षणे होत. येथे वृक्क निकामी होण्याचा आणि हृदयाचा ताल बिघडण्याचा संभव असतो. अशा विद्यार्थ्यास घरगुती उपचार न करता तत्काळ रुग्णालयात न्यावे. शिक्षा म्हणून बैठका देण्याची प्रथा यासाठीच त्याज्य मानली पाहिजे.

चौथा धोका वजनगटात बसण्यासाठी किंवा शरीरसौष्ठव स्पर्धेत रेखीव दिसण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या मूत्रल औषधांचा. ती सोडियमसह पोटॅशियम व मॅग्नेशियमही बाहेर काढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९८८ साली त्यांवर बंदी घातली, ती केवळ स्पर्धेच्या शुचितेसाठी नव्हे.

उष्म्यात वर्षानुवर्षे होणाऱ्या कष्टाचा वृक्कांवर होणारा परिणाम हाही आता अभ्यासाचा विषय आहे. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांमधील वृक्कविकारात वारंवार होणाऱ्या उष्माघाताचा व निर्जलीकरणाचा वाटा असावा, असे अनेक संशोधक मानतात. आपल्या शेजारी, गोव्यातील काणकोण तालुक्यातही अज्ञात कारणाच्या वृक्कविकाराचे रुग्ण आढळले आहेत. दोन्हींचे कारण एकच आहे असे म्हणता येत नाही. तथापि, उन्हात राबणाऱ्या किनारपट्टीवरील तरुणांच्या वृक्कांकडे लक्ष देण्यास एवढी जाणीव पुरेशी आहे.

८. निष्कर्ष

१. प्रतिरोध व्यायामाच्या एका सत्रानंतर काही तास लघवीतील सोडियम घटते; पोटॅशियमचा बदल मुख्यतः शरीरांतर्गत स्थलांतराचा असतो.

२. दीर्घकालीन प्रशिक्षणाने पंपांची क्षमता व स्नायूंतील क्षारांचा साठा वाढतो, परंतु ही वाढ रोजच्या आहारातील चढउतारांपुढे इतकी अल्प असते की सामान्य मूत्रपरीक्षणात ती सहसा प्रकट होत नाही.

३. दमट किनाऱ्यावर घाम हा सोडियम-उत्सर्जनाचा मोठा मार्ग असल्याने घामाचा हिशेब नसलेला अभ्यास अपूर्ण समजावा.

४. पेज, आमसुलाचे सरबत, शहाळे आणि नेहमीचे जेवण हा स्थानिक आहार निरोगी तरुणासाठी पुरेसा आहे. महागड्या पूरकांची आवश्यकता सहसा नसते. वृक्कविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र मीठ व शहाळे यांविषयी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

शारीरिक शिक्षण, रसायनशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन असा अभ्यास हाती घेतल्यास लहान महाविद्यालयातही तो शक्य आहे. त्यासाठी ज्वालाप्रकाशमापक, वजनकाटा, आहाराची वही आणि सहभागी विद्यार्थ्यांची माहितीपूर्ण लेखी संमती एवढी साधने लागतील. तोवर एक साधा नियम प्रत्येक मैदानावर पाळता येईल : सराव पहाटे किंवा संध्याकाळी ठेवावा, वजनाची नोंद करावी आणि लघवीचा रंग पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. भरतीच्या मैदानावर उतरणाऱ्या मुलाच्या दृष्टीने या नोंदींचे मोल कोणत्याही 'टी' मूल्याहून अधिक आहे.